एका प्रश्नाला एक मिनिट

वाटूर फाट्यावर 'टायमिंग' हा शब्द पूर्वी फक्त एस.टी.साठी वापरला जायचा. जालन्याहून मंठ्याकडे जाणारी गाडी कधी, परतूरकडे वळणारी कधी, शेवटची कधी. आता तो परीक्षेसाठी वापरतात. "पोरगी हुशार आहे हो, पण तिचा टायमिंगचा प्रॉब्लेम आहे," हे वाक्य मी माझ्या पुतणीबद्दल इतक्या नातेवाईकांकडून ऐकलं की शेवटी वाटलं, हा प्रॉब्लेम मुळात आला कुठून ते एकदा लिहून काढावं. कारण मी बारावीला होतो तेव्हा तो नव्हता. वेळ तेव्हाही कमी पडायचा, पण त्याला कुणी आजारासारखं नाव दिलं नव्हतं.

पुतणीला दाताचं डॉक्टर व्हायचं होतं. एमबीबीएस नाही मिळालं म्हणून बीडीएस, असं नव्हे, पहिल्यापासून दातच. आमच्या एका चुलत्यांचं तोंड सुपारी-गुटख्यानं इतकं आखडलं होतं की दोन बोटंही आत जायची नाहीत. भाकरी कुस्करून, दुधात भिजवून द्यावी लागायची. हे तिनं लहानपणी रोज पाहिलंय. (गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती फाट्यावर किती पाळली जाते ते गावाकडच्या मंडळींना मी सांगायला नको.) तर हे तिचं कारण. आणि तिच्यापुढे उभं होतं ते घड्याळ.

माझी बारावी १९९४ ची, जालन्याला. तेव्हा राज्यातल्या सरकारी मेडिकल-डेंटलला वेगळी परीक्षा नव्हती. बोर्डाच्या फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचे गुण एकत्र करायचे, त्याला 'ग्रुप' म्हणायचे. "ग्रुपला किती?" हा त्या काळचा प्रश्न. त्या आकड्यावर यादी लागायची आणि एका-एका गुणावर शेकडो पोरं खाली-वर व्हायची. औरंगाबादचं सरकारी दंत महाविद्यालय १९८२ मध्ये सुरू झालं होतं, त्यामुळे आमच्या आधीच्या पोरांना जे मुंबई-नागपूरला शोधावं लागायचं ते आम्हाला निदान दोन तासांच्या अंतरावर आलं होतं. वर ७०:३० चं सूत्र: आपल्या विभागातल्या ७० टक्के जागा विभागातल्या मुलांना, उरलेल्या ३० राज्यभरासाठी खुल्या.

त्या बोर्डाच्या पेपरात वेळेची गणितं वेगळी होती. उत्तर लिहायचं, आकृती काढायची, नावं द्यायची, पुरवणी बांधायची. हात दुखायचा. पण पेपरात पर्याय असायचे, आणि त्या पर्यायांच्या भरवशावर आम्ही अख्खा धडाच 'ऑप्शनला टाकायचो'. हा वाक्प्रचार ज्यांनी वापरला नाही त्यांनी बोर्डाची परीक्षा दिलीच नाही असं मी समजतो. थोडक्यात, काय सोडायचं ते परीक्षेच्या महिनाभर आधी, घरी, पाटावर बसून ठरायचं. परीक्षेच्या खोलीत बसून सेकंदासेकंदाला ठरवावं लागत नसे.

ही पद्धत चांगली होती असं मी अजिबात म्हणत नाही. कॉपी चालायची, आणि मराठवाड्यात ती किती चालायची हे आपण सगळे जाणतो. पुढे २०१० च्या सुमारास नांदेडचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम हाती घेतली तेव्हा तिचं राज्यभर नाव झालं. एवढं नाव व्हावं, यावरूनच आधी काय चालत होतं ते कळतं. बोर्डाच्या गुणांवरचा विश्वास उडाला होता, आणि नव्वदचं दशक संपता संपता राज्यानं सीईटी आणली.

माझ्या धाकट्या बहिणीनं २००३ मध्ये ती दिली. फिजिक्स ५०, केमिस्ट्री ५०, बायोलॉजी १००. दोनशे प्रश्न, दोनशे गुण, सगळं मिळून तीन तास. भागाकार करा: एका प्रश्नाला ५४ सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण कापत नसत. त्यामुळे तिच्या मैत्रिणींमध्ये एकच मंत्र होता, गोल रिकामा ठेवायचा नाही. शेवटच्या पाच मिनिटांत उरलेल्या सगळ्या गोलांना एकच अक्षर द्यायचं. बहिणीनं 'सी' दिलं होतं. का, तर तिच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये ते होतं :)

आजच्या पोरांना ही सीईटी सोपी वाटेल, कारण ती बारावीच्या पुस्तकावर होती आणि चुकीला माफी होती. पण खेड्यातल्या मुलासाठी खरा बदल प्रश्नांच्या अवघडपणात नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला विचारलं जात होतं की तुला किती येतं यापेक्षा दर मिनिटाला किती येतं. आणि ही गोष्ट आमच्या शाळेत कुणी शिकवत नव्हतं. मास्तर धडा शिकवायचे, आणि मनापासून शिकवायचे. पण पन्नास पोरांना हॉलमध्ये बसवून, पेपर वाटून, तीन तासांनी काढून घेऊन, दुसऱ्या दिवशी कोण कुठे अडकलं ते सांगणं हा उद्योग वाटूर-परतूरच्या बाजूला नव्हता.

तो होता लातूरला. 'लातूर पॅटर्न' हे नाव सीईटीच्या आधीचं. राजर्षी शाहू महाविद्यालय (स्थापना १९७०, पहिले प्राचार्य जनार्दन वाघमारे) आणि त्याच्याही आधीचं दयानंद महाविद्यालय यांनी बोर्डाच्या गुणवत्ता यादीसाठी ही पद्धत बसवली: अभ्यासक्रम लवकर संपवायचा आणि उरलेले महिने सराव परीक्षा, सराव परीक्षा, सराव परीक्षा. सीईटी आल्यावर त्यांना नवं यंत्र आणावं लागलं नाही, त्याच यंत्रात त्यांनी नुसता कागद बदलला. लातूरबद्दल पुण्यातली माझी मित्रमंडळी 'घोकंपट्टीचं गाव' असं म्हणतात, ते मला पटत नाही. घोकंपट्टी सगळीकडे होती. लातूरनं विकली ती घड्याळ लावून केलेली पुनरावृत्ती. मराठवाड्यातल्या शेतकऱ्यानं मोसंबीचे, कापसाचे पैसे तिकडे नेले ते यासाठी.

बहिणीला मात्र लातूरला पाठवलं नाही. दोघांना शिकवण्याइतके पैसे नव्हते आणि ती मुलगी होती. या दोन कारणांतलं कुठलं मोठं होतं हे आमच्या घरात आजही कुणी बोलत नाही. तिला बीडीएस मिळालं नाही. आता ती बायोलॉजी शिकवते, आणि छान शिकवते.

त्या वर्षांतला मे महिना आठवला तरी दमायला होतं. सरकारची सीईटी वेगळी. खाजगी मेडिकल-डेंटल कॉलेजांच्या संघटनेची 'असो-सीईटी' वेगळी. अभिमत विद्यापीठांच्या आणखी वेगळ्या. प्रत्येकाचा फॉर्म, प्रत्येकाची फी, प्रत्येकाचं सेंटर, आणि प्रत्येकाचं वेळेचं गणित निराळं. खाजगी कॉलेजांनी प्रवेश कसे द्यायचे यावर सुप्रीम कोर्टात वर्षानुवर्षं भांडण चाललं. २००५ चा इनामदार खटल्याचा निकाल तर आपल्या महाराष्ट्रातलाच. कोर्टात मुद्दा सरकारच्या आणि संस्थांच्या हक्कांचा होता. एस.टी. स्टँडवर मुद्दा होता की रविवारी सकाळी पुण्यात पोचायला शनिवारची कुठली गाडी धरायची.

मग नीट आली. ती एकदम आली नाही, धडपडत आली. मे २०१३ मध्ये पहिल्यांदा झाली, जुलैमध्ये सुप्रीम कोर्टानं रद्दबातल ठरवली. एप्रिल २०१६ मध्ये कोर्टानं तो निकाल मागे घेतला आणि २८ एप्रिलला सांगितलं की याच वर्षीपासून नीट. १ मे रोजी पहिला टप्पा, आणि आपल्या राज्याची सीईटी ५ मे रोजी! वर्षभर सीईटीची तयारी केलेल्या पोरांना आठवड्यावर परीक्षा असताना कळेना की आपली परीक्षा मोजणार की नाही. २४ मे रोजी केंद्रानं अध्यादेश काढला आणि राज्यांच्या सरकारी जागा त्या वर्षापुरत्या वाचल्या. बाकीच्यांसाठी २४ जुलैला नीटचा दुसरा टप्पा. राज्याचं पुस्तक वाचलेल्या मुलानं अडीच महिन्यांत अकरावी-बारावीचं एनसीईआरटी वाचायचं आणि चुकीच्या उत्तराला गुण जातात ही सवयही लावायची. त्या वर्षीच्या पोरांबद्दल मला आजही फार वाईट वाटतं. २०१७ पासून मग सगळं नीटवरच, आणि त्याच वर्षीपासून पेपर मराठीतही मिळू लागला. मराठीतून देणारे मोजकेच असतात, कारण सायन्सची अकरावी-बारावी इंग्रजीतून झालेली असते. पण दहावीपर्यंत मराठीत विचार केलेल्या मुलाला इंग्रजी वाक्य वाचायला दोन-तीन सेकंद जास्त लागतात. ते १८० नं गुणा. टायमिंगच्या प्रॉब्लेमचा एक मोठा भाग नुसता हाच आहे असं माझं मत आहे.

घड्याळाचीही एक गंमत. २०१५ मध्ये मेडिकल-डेंटलची अखिल भारतीय परीक्षा सुप्रीम कोर्टानं रद्द केली, कारण उत्तरं बनियनमध्ये शिवलेल्या उपकरणांतून परीक्षार्थींपर्यंत पोचवली गेली होती. जुलैमध्ये ती पुन्हा झाली तेव्हा कपड्यांचे कडक नियम आले आणि मनगटी घड्याळही बाहेर ठेवावं लागलं. नीटमध्येही तसंच. वेळेची सगळ्यात कठोर परीक्षा, आणि परीक्षार्थीच्या हाताला घड्याळ नाही! भिंतीवरचं बघायचं. बहिणीनं २००३ मध्ये आजोबांचं एचएमटी घालून पेपर दिला होता. पुतणीला मान वळवून मागच्या भिंतीकडे बघावं लागलं.

आता तिची गोष्ट. २०२४ ला तिनं पहिल्यांदा दिली. त्या वर्षी नीटमध्ये २०० प्रश्न असायचे, त्यातले १८० सोडवायचे, वेळ २०० मिनिटं. म्हणजे चारही विभागांत शेवटच्या १५ पैकी १० निवडायचे. (आपला 'ऑप्शन' परत आला, असं मी तिला म्हणालो होतो. ती म्हणाली, "काका, निवडायला पण वाचावं लागतं ना." बरोबर आहे.) १८० पैकी २७ प्रश्न तिचे सुटले. प्रश्नपत्रिका घरी नेता येते. संध्याकाळी तिनं घड्याळ न लावता ते २७ सोडवले, त्यातले १९ बरोबर आले. एकोणीस चोक शहात्तर. शहात्तर गुण येत होते आणि मिळाले नाहीत.

निकाल ४ जूनला लागला, लोकसभेच्या मतमोजणीच्याच दिवशी. त्यानंतरचा गोंधळ आठवत असेल. ७२० पैकी ७२० मिळवणारे आधी ६७ निघाले, आणि काही केंद्रांवर वेळ वाया गेला म्हणून १५६३ जणांना वाढीव गुण दिले होते ते कळलं. गेलेल्या मिनिटांना गुणांत बदलण्याचं सूत्र! शेवटी ते गुण रद्द झाले आणि २३ जूनला त्या मुलांना पुन्हा बसायची संधी दिली. बातमी वाचून पुतणी एवढंच म्हणाली, "माझी पण वीस मिनिटं गेली होती, पण ती माझ्याच हातून."

दादा लातूरला पाठवायला तयार होता. या वेळी मुलगी आहे वगैरे काही आडवं आलं नाही, हे मुद्दाम लिहितो. मोसंबीची बाग गहाण टाकायची भाषा सुरू झाली. नको म्हणाली ती स्वतः. "मला शिकवायला कुणी नको, मला पेपर घेणारं कुणी पाहिजे." मग ठरलं असं की दर रविवारी जालन्याला जाऊन सराव परीक्षा द्यायची आणि बुधवारी घरी. बुधवारी दुपारी दोन वाजता माडीवरच्या पत्र्याच्या खोलीत. दोन वाजताच, कारण खरी परीक्षा दोनला असते आणि त्या वेळी आपल्याकडे माणसाला जेवून झोप येते. पेपर घेणारी कोण, तर आमची आई. तिला वाचता येतं ते मराठीच, पण घड्याळ पक्कं कळतं. ती दारात बसायची आणि वेळ संपली की कागद ओढून घ्यायची, एक गोल जास्त भरू द्यायची नाही.

तिची वही मी पाहिली आहे. प्रत्येक पेपरानंतर चुकलेल्या आणि सुटलेल्या प्रश्नांपुढे खूण: आलं नाही, येत होतं पण वेळ गेला, वाचण्यात घोळ. पहिल्या दोन महिन्यांत 'आलं नाही' सगळ्यात कमी आहे. वेळ जात होता फिजिक्सच्या ठरावीक गणितांत. चार-चार मिनिटं, "आता सोडलं तर आधीची तीन वाया" म्हणून. अशा एका गणितापायी बायोलॉजीचे तीन प्रश्न न वाचता राहतात, म्हणजे चारासाठी बारा घालवायचे. मग तिनं क्रम बदलला. बायोलॉजी आधी, पाऊण तासात, मग केमिस्ट्री, फिजिक्स शेवटी आणि दोन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत वाचल्यावर रस्ता दिसला तरच हात लावायचा. गोल शेवटी एकदम भरायचे नाहीत, पान उलटलं की भरायचे. एका गोलाला तीन-चार सेकंद धरले तरी १८० गोलांचे दहा मिनिटं होतात, हे तिनं मोजून काढलं होतं. प्रश्नाला एक मिनिट मिळतं म्हणतात ते खरं तर ५६-५७ सेकंदच.

आणि ठोकण्याचा हिशेब. नीटमध्ये बरोबरला चार, चुकीला वजा एक. चार प्रश्न डोळे मिटून ठोकले तर सरासरीनं एक बरोबर, तीन चूक. पदरात एक गुण. दोन पर्याय नक्की खोडता आले तर मात्र दोन प्रश्नांत तीन गुण. म्हणून नियम: दोन खोडता आले तर ठोकायचं, नाहीतर त्या प्रश्नाकडे परत बघायचंही नाही. माझ्या बहिणीच्या 'सी' पासून इथवरचा हा प्रवास.

जानेवारी २०२५ मध्ये सगळं बसत आलं होतं आणि जाहीर झालं की ऐच्छिक प्रश्न बंद. १८० प्रश्न, १८० मिनिटं, सगळे सोडवायचे. वीस मिनिटं गेली. तीन दिवस ती कुणाशी बोलली नाही. मग आईला बोलावून सांगितलं, आज्जी, आता पाचलाच कागद ओढायचा.

४ मे २०२५ चा फिजिक्सचा पेपर किती अवघड होता हे देशभर गाजलं. आदल्या वर्षी पैकीच्या पैकी मिळवणारे होते, त्या वर्षी देशात पहिल्याला ६८६. पुतणीला आदल्या वर्षीपेक्षा २१ गुण कमी पडले. वाटूरमध्ये त्या संध्याकाळी काय वातावरण असेल ते समजून घ्या. दोन दिवस शेजारी समजावायला येत होते. क्रमांक मात्र कितीतरी वर आला होता, कारण इतरांचे गुण त्याहून जास्त घसरले होते, आणि हे दादाला पटवायला मला फोनवर पाऊण तास लागला. तिचे सुटलेले प्रश्न त्या वर्षी होते सहा. सहाही फिजिक्सचे, आणि सहाही तिनं ठरवून सोडलेले. बीडीएस मिळालं, फेऱ्या-फेऱ्या करत, मराठवाड्याबाहेरच्या एका कॉलेजात. ७०:३० चं सूत्र राज्यानं २०२० मध्ये रद्द केलंय. त्याचा आपल्या पोरांना फायदा की तोटा यावर वाद घालायला मी तयार आहे, पण या लेखात नको.

मला खटकते ती दुसरीच गोष्ट. या सगळ्या तीस वर्षांत हाताची परीक्षा कुणीच घेतली नाही. दाताच्या डॉक्टरचं निम्मं काम बोटांत असतं. हे शोधताना अमेरिकेच्या परीक्षेची माहिती हाती लागली. तिथे दंत महाविद्यालयांसाठी वेगळी प्रवेश परीक्षा आहे, डॅट, १९५० च्या सुमारास देशभर सुरू झालेली. सुरुवातीची वीसेक वर्षं तीत खडूच्या तुकड्यातून दिलेला आकार कोरून दाखवावा लागे! १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते काढून टाकलं आणि त्याजागी आकृत्यांचे प्रश्न आले: कुठला कोन लहान, घडी घातलेल्या कागदाला भोक पाडून उलगडला तर कसा दिसेल, रचलेल्या ठोकळ्यांच्या किती बाजू रंगतील. असे ९० प्रश्न ६० मिनिटांत, म्हणजे एकाला ४० सेकंद. शेवटी तिथेही घड्याळच आलं म्हणायचं. तरी निदान नजर तरी तपासतात. आपल्याकडे बेडकाच्या हृदयाला कप्पे किती ते सांगा आणि दाताचे डॉक्टर व्हा.

हाताची पाळी आपल्याकडे प्रवेश झाल्यावर येते. पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायचे असतात. उंची, रुंदी, कडांचा उतार मिलिमीटरमध्ये मोजून. पुतणीनं पहिला सुळा कोरला तेव्हा फोटो पाठवला. मला तर तो बऱ्यापैकी वाटला. तिच्या मॅडमना नाही, परत करायला सांगितला. दादानं फोन जवळ-लांब धरून पाहिला आणि आईकडे दिला. आईनं विचारलं, "किती वेळ दिला होता?"

"वेळ नव्हता आज्जी. जमेपर्यंत करायचं."

आईला ते काही पटलं नाही.